पाण्यातली तार

चढाच्या तिसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली. आधी समोरचा दिवा पिवळा पडला, मग हॉर्न दाबला तर नुसता घोगरा आवाज निघाला आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. सुईवालीनं दोन्ही पाय टेकवले आणि सगळ्यात आधी हात मागे नेऊन कॅरिअरला बांधलेली निळी पेटी चाचपली. पेटीत बर्फ होता आणि बर्फात दोनशे जनावरांची लस होती. दहा वाजत आले होते. ऊन आत्ताच मानेला चावायला लागलं होतं.

जुनी गाडी असती तर लाथ मारून सुरू झाली असती. या गाडीला लाथ मारायची सोयच नव्हती. बॅटरी मेली की बटण मेलं, आणि या नव्या जातीत बॅटरी मेली की पेट्रोलही इंजिनापर्यंत पोचत नाही. उतारावर ढकलून बघितलं, तरी ती हूं की चूं करेना. शेवटी सुईवालीनं ओढणी कमरेला बांधली, हॅंडल धरलं आणि गाडी वर ढकलायला सुरुवात केली. गोठे चढाच्या पलीकडे होते. अंतर अडीच किलोमीटर.

यंदा लाळ्या-खुरकुतानं डोंगराखालचा सगळा भाग धरला होता. गाईंच्या तोंडात फोड, खुरांत फोड. चार पावलं टाकायची तर गाय रडकुंडीला यायची. जनावरांच्या डॉक्टरांनी डोंगराच्या दोन्ही अंगांची गुरं टोचायला काढली होती, आणि टोचायचं काम सुईवालीचं. ती तीन वर्षं हंगामी होती. यंदाची फेरी नीट पार पडली तर कायम करून घेऊ, असं डॉक्टरांनी तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आणि डॉक्टर उगाच तोंड उघडणारे नव्हते.

ती गोठ्यांपाशी पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. सकाळपासून माणसं गाईंचे दोर धरून उभी होती. डॉक्टरांनी पेटी उघडली, आतला थर्मामीटर काढला आणि तिच्यासमोर धरला. पारा चौदावर होता. आठाच्या वर गेला की लस म्हणजे नुसतं पाणी. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक बाटली काढून तिच्याच हातात दिली आणि खड्ड्यात ओतायला सांगितलं. दोर धरलेली माणसं बघत होती. त्यातल्या एकानं, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, असं दुसऱ्याला सांगितलं, तेही तिला ऐकू जाईल इतपत हळू. सुईवालीनं दोनशे जनावरांची लस मातीत ओतली. तिच्या तळहातांना हॅंडलच्या रबराचे वळ उठले होते आणि त्यांवर लस सांडून ते चुरचुरत होते.

"शुक्रवारी शेवटची लस येणार," डॉक्टर म्हणाले. "डोंगराच्या या अंगाला अजून रोग पोचलेला नाही. तोवर टोचून झालं तर ती गुरं वाचतील."

"मी येईन," सुईवाली म्हणाली.

"तुम्ही याल हो. गाडी येईल का, ते सांगा. भरवसा नसेल तर मी दूधगाडीवाल्याला सांगतो. त्याचा भाऊ टोचायला शिकलाय."

गाडी येईल, असं ती म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तो मंगळवार होता.

सुईवालीचं घर मोठ्या रस्त्याला लागून होतं, आणि घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा सासरा मोटरी भरायचा. मोटर भरायची म्हणजे जळलेली तार काढून नवी तार गुंडाळायची. तीस वर्षं त्यानं विहिरीत आणि बोअरमध्ये सोडायच्या पाण्यातल्या मोटरी भरल्या होत्या, म्हणून सगळे त्याला वाइंडर म्हणत. त्यानं भरलेली मोटर खाली सोडली की तिच्या मालकानं तिला विसरून जावं, अशी त्याची ख्याती. ख्याती अजून होती, गिऱ्हाईक कमी झालं होतं. आता लोक जळलेली मोटर भंगारात घालून नवीच आणत. शेडमध्ये या आठवड्यात दोनच मोटरी होत्या. शिवाय त्याचे डोळे गेले होते. तसे पुरते गेले नव्हते, पण बारीक तारेचं टोक सापडायला त्याला बोटांनी चाचपावं लागे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्याचा मुलगा, म्हणजे सुईवालीचा नवरा, बोअर मारायच्या गाडीवर कामाला होता. महिन्यातून एकदा घरी यायचा आणि दोन दिवस झोपायचा. त्यामुळे वीज मोजायचा मीटर कसा धरायचा, तार कुठं तुटली ते कसं हुडकायचं, हे सगळं सासऱ्यानं सुनेला शिकवलं होतं. ती हाताला हलकी होती आणि उलट प्रश्न विचारायची. दुसऱ्या गुणाचा त्याला त्रास व्हायचा.

बुधवारी सकाळी तिनं गाडीची सीट काढली आणि मीटर जोडला. वाइंडर स्टुलावर बसून हुकूम सोडत होता. त्याचा निकाल आधीच लागलेला होता. बॅटरीवाल्यानं फसवलं.

"मामा, बॅटरी महिन्यापूर्वी बदललीय," ती म्हणाली.

मग महिन्यापूर्वी फसवलं, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यानं बॅटरीवाल्याच्या बापापासून सुरुवात केली. सुईवालीनं त्याला बोलू दिलं आणि आपलं काम केलं. शेजारच्या गॅरेजात रात्रभर चार्ज करून आणलेली बॅटरी झोपेत बारा-सहा व्होल्ट दाखवत होती. गाडी सुरू केल्यावर चौदा-एक. दिवा लावला तरी तेरा-नऊ. म्हणजे गाडी चालताना बॅटरी पोटभर खात होती. तिनं बॅटरीचे स्क्रू आवळले, फ्यूज काढून घासला, इंजिनापासून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कप्लर, म्हणजे प्लॅस्टिकचा जोड, उघडून आत कुठं जळकं दिसतं का बघितलं. काही नव्हतं. तिन्ही तारांतून सारखी वीज येत होती. इंजिन बंद करून तिनं मीटरचं एक टोक पिवळ्या तारेला आणि दुसरं इंजिनाच्या अंगाला लावलं. तार आतून अंगाला चिकटलेली असती तर मीटर वाजला असता. तो गप्प राहिला.

"बघ," वाइंडर म्हणाला. "कॉइल ठणठणीत आहे."

कॉइल म्हणजे इंजिनाच्या आत वीज बनवणारं तारेचं वेटोळं, आणि तिचं त्याला विशेष होतं, कारण ती त्यानं भरली होती. गेल्या उन्हाळ्यात मूळची कॉइल जळली तेव्हा सुईवाली बाजारातली नवी आणणार होती. त्यानं आणू दिली नाही. घरात वाइंडर असताना बाजारातली कॉइल म्हणजे माझ्या तोंडाला काळं, असं म्हणून तो दोन दिवस जेवणाशिवाय उठला नव्हता. तेव्हापासून रस्त्यावरून जाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला थांबवून तो ती गोष्ट सांगत असे.

"ठणठणीत आहे तर चढावर मरते कशी?" सुईवालीनं विचारलं.

"तू अर्ध्या क्लचवर चालवतेस."

सुईवालीनं हातातला पाना खाली टाकला. फरशीवर तो मोठ्यानं आपटला आणि आतून सासू दाराशी आली. काल दोनशे जनावरांची लस खड्ड्यात ओतताना आलं नव्हतं ते पाणी आता तिच्या डोळ्यांत आलं, आणि त्याचा तिला राग आला. घरी ही गाडी गरीब गाय होते आणि बाहेर जाऊन माझी अब्रू घेते, ती म्हणाली, आणि तुम्हाला माझा क्लच दिसतो. नर्सरीवाला आपली मोटर बघायला आला होता, तो दारातच घुटमळला. त्याच्या मोटरीचं काम अर्धं झालं होतं आणि रोपं पाण्याशिवाय माना टाकायला लागली होती. घरातलं भांडण कानावर पडतंय हे दिसताच तो मोटरीकडे वळून ती फार लक्षपूर्वक न्याहाळू लागला.

सुईवालीनं शेडच्या कोपऱ्यातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि मीटर पेट्रोलच्या टाकीवर बांधून टाकला. त्याच्या दोन तारा सीटखालून बॅटरीला गेल्या. कुठं चाललीस, असं सासूनं विचारलं. ती चढावर चालली होती. गाडी जिथं मरते तिथं जाऊनच तिला विचारायचं होतं.

सपाटीवर आकडा चौदावरून हलला नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तिला शंका येऊ लागली की खरंच आपलाच क्लच. पाऊण तास ती मुद्दाम फिरत राहिली, काल जशी चढाअलीकडच्या गोठ्यांच्या फेरीत फिरली होती तशी, आणि मग चढाला लागली. पहिल्या वळणावर तेरा-पाच झाला. दुसऱ्यावर तेरा. ती आकड्याकडे बघत होती आणि रस्त्याकडे बघत होती, आणि आकडा एकेक पायरी उतरत होता. बारा-आठ. बारा-पाच. तिसऱ्या वळणावर बारा-तीन. इंजिन ओरडत होतं आणि बॅटरीला एक थेंब मिळत नव्हता.

तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सीट उचकटली. इंजिनाला चुकून मनगट लागलं आणि कातडं सोलून निघालं, तरी तिनं कप्लर ओढून काढला. मीटरचं एक टोक पिवळ्या तारेला, एक इंजिनाच्या बोल्टला.

मीटर वाजला. बारीक, सरळ, न थांबणारा आवाज. दुसऱ्या तारेवर वाजला, तिसरीवरही वाजला.

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. तिला ती तार आठवली. पांढऱ्या प्लॅस्टिकची, पाण्यातल्या मोटरींची. तीस वर्षं वाइंडरच्या हाताला तीच तार होती. पंधरा पंधरा वर्षं पाण्यात राहणाऱ्या तारेला तेल काय करणार, असं तो म्हणाला होता आणि तिला ते पटलं होतं. रीळ तिनंच धरलं होतं, वेढे तिनंच मोजले होते. पाण्यातली मोटर तापत नाही, कारण तिच्या चारी बाजूंनी थंड पाणी असतं. गाडीची कॉइल मात्र इंजिनाच्या उकळत्या तेलात बसते. तेल तापलं की प्लॅस्टिक मऊ पडायचं आणि तांबं लोखंडाला टेकायचं. थंड झालं की पुन्हा सुटायचं, आणि घरी येऊन ठणठणीत. एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

तिनं तिथूनच सुट्या भागांच्या दुकानाला फोन लावला. कॉइल शहरातून मागवावी लागेल, सोमवारी मिळेल, असं दुकानदार म्हणाला. लस शुक्रवारी होती. म्हणजे कॉइल घरीच भरायला हवी होती, आणि ती भरणारा एकच माणूस होता. त्याला ती चुकलीय हे आधी मानावं लागणार होतं. आणि थंड गाडीवर तो ते सात जन्मांत मानणार नव्हता.

बॅटरीत अजून जीव होता. तिनं बटण दाबलं, गाडी वळवली आणि घराकडे सोडली. मीटर बारा-दोन दाखवत होता.

शेडमध्ये नर्सरीवाला अजून बसलेला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो कोणत्या रोपाला किती पाणी लागतं ते सांगत होता. वाइंडर त्याच्या मोटरीत तार भरत होता, बोटांनी चाचपत, मान वर करून, जणू छताकडे बघतोय असा. सुईवालीनं गाडी अंगणात उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं तर ते थंड होणार. चालू ठेवलं तर बॅटरी मरणार, गाडी बंद पडणार आणि मग थंड होणार. आकडा बारा-एकवर आला.

सासू बाहेर आली. तिनं सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि हळू आवाजात काय झालं ते विचारलं. सुईवालीनं तसंच हळू सांगितलं.

"त्यांना सांगू नकोस," सासू म्हणाली. "दुसरं काहीतरी गेलंय म्हण. त्यांच्याकडे दुसरं काय राहिलंय?"

"आत्या, बाजारची कॉइल सोमवारी येते."

"मग हा माणूस जाईपर्यंत तरी थांब."

"थांबले तर इंजिन थंड होतं."

सासूनं शेडकडे बघितलं. नर्सरीवाल्यानं दुसरा कप मागितला होता. ती आत गेली आणि चहा न आणताच परत आली, पण तो बिचारा तेवढ्यानं उठणारा नव्हता. त्याला रोपांची काळजी होती आणि काळजी असलेला माणूस बोलत सुटतो. आकडा बाराच्या खाली गेला. इंजिनाचा आवाज मधेच अडखळला.

"बंद कर की ती," वाइंडर आतून म्हणाला. "पेट्रोल फुकट आलंय का?"

"मामा, इकडे या जरा."

"हातात काम आहे."

"आत्ताच या. नंतर उपयोग नाही."

तिचा आवाज चढला होता. वाइंडर हात पुसत बाहेर आला, आणि त्याच्यामागून नर्सरीवालाही कप घेऊन आला. सुईवालीला तो यायला नको होता, पण त्याला हाकलायचं कसं? तिनं इंजिन बंद केलं, कप्लर काढला आणि मीटरची दोन्ही टोकं सासऱ्याच्या हातात दिली. एक हात धरून पिवळ्या तारेवर ठेवला, दुसरा बोल्टवर.

मीटर वाजू लागला.

वाइंडरनं टोक उचललं. आवाज थांबला. पुन्हा टेकवलं, पुन्हा वाजला. त्यानं सदऱ्याच्या टोकानं बोल्ट पुसून काढला आणि तिसऱ्यांदा टेकवलं. आकडे त्याला दिसत नव्हते, पण हा आवाज त्यानं तीस वर्षं ऐकला होता, आणि तो ऐकून तीस वर्षं लोकांना त्यांची मोटर जळल्याचं सांगितलं होतं.

"ही रेग्युलेटरकडची, बॅटरीकडे जाणारी बाजू नाही ना?"

"नाही. इंजिनाकडची."

"सकाळी वाजत नव्हता."

"सकाळी थंड होती."

नर्सरीवाल्यानं एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं. "काय झालं हो?" त्यानं विचारलं. "हे वाजणं चांगलं की वाईट?"

सुईवालीनं तोंड उघडलं. खोटं अगदी ओठांवर होतं. एक शब्द, आणि या माणसाला त्यातलं काही कळलं नसतं. सासू दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती.

"वाईट," वाइंडर म्हणाला. "कॉइल अंगाला लागलीय. मी भरलेली."

नर्सरीवाला बराच वेळ चहा पीत राहिला. मग म्हणाला की त्याच्या मोटरीची तशी काही घाई नाही. रोपं दोन दिवस काढतील. आणि असं करतो, मोटर सध्या घेऊनच जातो, मेव्हणा शहराला जाणार आहे तर तिकडं एकदा दाखवतो. वाइंडर त्याला सांगू लागला की पाण्यातल्या मोटरीला हीच तार लागते, तिथं ती चुकत नाही, चूक गाडीला लावण्यात झाली. ते खरं होतं. नर्सरीवाला हो हो म्हणाला आणि हातगाडी घेऊन आला. मोटर जड होती, एकट्याला उचलेना. तेव्हा वाइंडरनं स्वतः एक टोक धरून ती हातगाडीवर चढवून दिली, आणि अर्धी भरलेली तार लोंबत होती ती गुंडाळून आत खोचली.

तो गेल्यावर सुईवाली इंजिनाचं झाकण खोलायला बसली. तेल परातीत उतरलं. झाकणाच्या आत कॉइल बसलेली असते. बारा दात, प्रत्येक दातावर तार. प्लॅस्टिक फुगून नखानं सोलून निघत होतं आणि दोन दातांवर तांबं उघडं पडलं होतं. वाइंडरनं त्यावरून अंगठा फिरवला.

"तो गेल्यावर सांगितलं असतंस तर?" त्यानं विचारलं.

"तोवर थंड झाली असती. वाजली नसती. आणि तुम्ही मानलं नसतं."

त्यानं विचार केला. "नसतं मानलं," तो म्हणाला.

रात्री तो जेवला नाही. सासूनं सुनेला काही बोल लावला नाही, पण ताट उचलताना भांडी जरा जास्तच वाजवली. सुईवालीला आपण माणसाच्या पाठीत काहीतरी खुपसल्यासारखं वाटत होतं, आणि शुक्रवार तर तसाच समोर उभा होता.

गुरुवारी सकाळी ती उठली तेव्हा वाइंडर शेडमध्ये बसलेला होता. जुनी तार त्यानं सगळी सोलून काढली होती, दात घासून कोरडे केले होते आणि कुठल्यातरी पेटीच्या तळातून इनॅमलचा लेप असलेल्या तारेचं रीळ काढलं होतं. ही केसासारखी बारीक, तांबूस. घरगुती पंखे भरायला पूर्वी वापरायचा. भट्टीत भाजली तरी हिचं इनॅमल जागचं हलत नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं रीळ हातात फिरवलं, पुन्हा फिरवलं, बोटं चालवली, आणि रीळ तिच्यापुढे धरलं.

"मला टोक दिसत नाही," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला होता. सुईवालीनं टोक काढलं आणि पहिल्या दाताला वेढा दिला. ती गुंडाळत होती आणि तो शेजारी बसून तिच्या बोटांमागून आपलं बोट फिरवत होता. वेढे दोघंही मोजत होते, ती मोठ्यानं आणि तो ओठांत. बारीक तार ओढली की तुटते, सैल सोडली की एकमेकांवर चढते. तिसऱ्या दातापर्यंत तिच्या खांद्यात कळ निघाली. काल भाजलेलं मनगट ठणकत होतं. सातव्या दातावर त्याचं बोट थांबलं.

"इथं तार तारेवरून गेलीय. उलगड."

"मामा, एका वेढ्यानं काय होणार आहे?"

"काही होणार नाही बहुतेक. उलगड."

तिनं तीस वेढे उलगडले आणि पुन्हा गुंडाळले. दुपार झाली तेव्हा बारा दात भरून झाले. वॉर्निशमध्ये बुडवून कॉइल पत्र्याच्या डब्यात टांगली आणि डब्यात दोनशे वॉटचा बल्ब लावला. आता वॉर्निश वाळून कडक व्हायला सहा तास. तासाभरात वीज गेली. वाइंडर डब्याला हात लावून बसला आणि डबा निवत गेला. डब्याशी नुसतं बसून काही होणार नाही, हे त्याला कळत होतं, तरी तो उठेना. मग सासूनं कोणाला न विचारता चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, वर विटा मांडल्या आणि डबा त्यावर ठेवला. किती तापू द्यायचं, एवढंच तिनं विचारलं. हात टेकवून तीन मोजता आले पाहिजेत आणि चार मोजता येऊ नयेत, वाइंडर म्हणाला. अंधार पडेपर्यंत तिनं दर थोड्या वेळानं डब्याला हात लावून मोजलं. तिच्या बोटांची टोकं लाल झाली होती.

शुक्रवारी उजाडताना झाकण बसलं, तेल गेलं, कप्लर जोडला. मीटर चौदा-दोन म्हणाला. पण सकाळी चौदा तर आधीची कॉइलही म्हणत होती. गाडी बाहेर काढली तेव्हा वाइंडर पायात चपला घालून उभा होता. मी मागे बसतो, असं त्यानं जाहीर केलं. तुम्ही कशाला, म्हणायचं तिच्या तोंडावर आलं होतं, ते तिनं गिळलं.

सरकारी दवाखान्यातून लस घेतली. माणूस मागे बसल्यावर कॅरिअरवर पेटी मावेना, म्हणून ती वाइंडरनं मांडीवर घेतली. बर्फाचं पाणी त्याच्या सदऱ्यावर पाझरत होतं. चढाअलीकडच्या गोठ्यांची फेरी झाली, पाऊण तास, एक तास, इंजिन तापून लाल झालं आणि चढ समोर आला.

"किती?" मागून प्रश्न आला.

"चौदा."

पहिलं वळण. "किती?"

"चौदा."

दुसऱ्या वळणावरही तिनं चौदाच सांगितलं. पेटीची कड तिच्या पाठीत रुतत होती आणि त्याचा श्वास तिला मानेवर कळत होता. तिसऱ्या वळणावर पुढे दगडांचा ट्रक आला. तो चालतोय की उभा आहे तेच कळेना. तिला पहिल्या गिअरवर यावं लागलं, क्लच धरावा लागला, इंजिन मंद झालं आणि आकडा घसरला.

"किती?"

"तेरा-सहा," ती म्हणाली.

ट्रकनं वाट दिली, तिनं गाडी ओढली, आकडा परत चढू लागला आणि तिनं तोही सांगितला. तेरा-नऊ. चौदा. चौदा-एक.

"आता पटलं," वाइंडर मागून म्हणाला. "दर वेळी चौदाच सांगत होतीस. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतेस."

तिसरं वळण मागे पडलं. या आठवड्यात सुईवालीनं ते गाडीवर बसून ओलांडलं नव्हतं. तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर हुंदकाही आला, पण दोन्ही हात हॅंडलवर असल्यानं तिला डोळे पुसता आले नाहीत.

गोठ्यांपाशी माणसं दोर धरून उभी होती. डॉक्टरांनी पेटी उघडली, थर्मामीटर काढला, चष्मा वर करून वाचला. चार. त्यांनी तो सुईवालीलाही दाखवला, जसा मंगळवारी दाखवला होता, आणि पहिली बाटली तिच्या हातात दिली. मग त्यांनी विचारलं की गाडीचं शेवटी काय निघालं.

"कॉइल होती," ती म्हणाली. "हे माझे सासरे. यांनी भरून दिली."

डॉक्टरांनी मान वळवली. जमलेल्या माणसांनीही वळवली. वाइंडर गाडीजवळ उभा होता, सदरा पोटावर ओला, दोन्ही हात तेलानं काळे. त्या माणसांपैकी चौघांच्या विहिरीत त्याच्या मोटरी होत्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी कोणाकोणाच्या जळणार होत्या. त्यानं आवाजावरून माणसं ओळखली असावीत, कारण तो डॉक्टरांकडे न बघता त्यांच्याकडे तोंड करून बोलला.

"दोनदा भरली," तो म्हणाला. "पहिली माझ्याकडून चुकली होती."